ऐनवेळचा विषय

सकाळी सात वाजता सिंधुनं सासऱ्यांचं धोतर दोरीवर वाळत घातलं आणि तेव्हाच ठरवून टाकलं की आज सत्काराला आपण आत जायचं नाही.

संपाचा तिसरा दिवस होता. शिवणी नाक्याच्या धान्याच्या मोंढ्यात सोयाबीन चाळणाऱ्या एकशे साठ बायांनी चाळण्या खाली ठेवल्या होत्या आणि त्यांच्या पुढं सिंधु होती. त्याच मोंढ्यात, तीन नंबरच्या शेडमध्ये, आज अकरा वाजता हमाल युनियन तिच्या सासऱ्यांचा, ग्यानोबांचा, ऐंशीव्या वर्षाचा सत्कार करणार होती. युनियनचा चिटणीस हणमंतराव, म्हणजे सिंधुचा नवरा. तीन दिवस झाले, संपाच्या दोन्ही बाजू एकाच चुलीवरची भाकरी खात होत्या.

"आजच्या दिवस तरी ये," हणमंतराव बनियनवर, आरशासमोर मिशा कातरत म्हणाला. "दोन तासाची बात हाय. आबांच्या पाया पड, फोटो काढ, आन मंग जा परत नाक्यावर. कोण नको म्हणून राहिलंय?"

"कोणत्या दारानं येऊ?"

"म्हंजे?"

"गेटवर तुमच्या युनियननं बोर्ड लावलाय. सभासदांनीच आत यावं. मी कुठं सभासद हाय?"

"अगं, ते बाहेरची माणसं घुसू न्हाईत म्हणून लावलंय."

"मी बाहेरचीच हाय की."

हणमंतरावची कात्री थांबली. तो वाईट माणूस नव्हता. बावीस वर्षं युनियनचं दप्तर त्यानं डोळ्यांत तेल घालून सांभाळलं होतं; घटनेतलं प्रत्येक कलम त्याला पाठ होतं आणि अडचणही तिथंच होती. घटनेत लिहिलं होतं, सभासद म्हणजे पोतं वाहणारा कामगार. चाळणारीचा त्यात कुठं उल्लेखच नव्हता. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही. दसऱ्यानंतर मात्र अडत्यांनी चाळण्याचं यंत्र आणायचं ठरवलं. हमालांना नोंदणीचा बिल्ला होता, त्यांना हात लावायचा तर कायदा आडवा येत होता. बायांना बिल्ला नव्हता. त्यांना 'उद्यापासून येऊ नका' एवढं सांगितलं की काम संपत होतं. म्हणून बाया म्हणत होत्या, आधी आम्हाला सभासद करा, मग यंत्राचं बोलू. आणि युनियन म्हणत होती, बघू.

आरती आतून केस पुसत आली. ही हणमंतरावची लेक. नांदेडला वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. आजोबांच्या सत्काराचं सूत्रसंचालन करायला म्हणून कालच्या बसनं आली होती आणि घरात पाऊल ठेवल्यापासून आईचं बापाला नि बापाचं आईला सांगत होती.

"बाबा, आई येणार नाही. तुम्ही उगंच मिशा वाकड्या करून घेऊ नका."

उंबऱ्यावर सरजाबाई, हणमंतरावची माय, पांढरी वेणी घालत बसली होती. शहात्तर वर्षांची. गुडघे गेल्यामुळं सहा वर्षांपासून मोंढ्यात जात नव्हती. त्याआधी बेचाळीस वर्षं चाळण मारली होती. या भांडणात ती तीन दिवस एक अक्षर बोलली नव्हती.

"आरते," ती म्हणाली, "माझं हिरवं लुगडं काढ पेटीतून."

हणमंतरावचा चेहरा उजळला. "बघा! मायला कळतं."

"सणाचंच पायजे आज," सरजाबाई म्हणाली. "मी नाक्यावर बसणार हाय. बायांत."

मग सिंधु हळूच म्हणाली, "आत्या, तुमचे गुडघे…"

"गुडघे माझे हायत. मी बघीन."

नळावर ग्यानोबा तोंड धूत होते. दहा पावलांवर. सगळं ऐकू गेलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चौघंही त्यांच्याकडं बघत राहिले. ग्यानोबांनी पंच्यानं तोंड पुसलं, कान पुसले, मान पुसली.

"चहा झाला का?" त्यांनी विचारलं.

*

तीन नंबरची शेड अशी नटली होती की हणमंतरावला क्षणभर आपला मोंढा ओळखू येईना. अर्धापूरहून केळीचे घडासकट खांब आणले होते. मागं लाल कापड, त्यावर ग्यानोबांचा फोटो, आणि फोटोखाली 'श्रमिकांचा आधारवड'. शेडच्या दोन्ही अंगांना मात्र सोयाबीनचे ढीग तसेच पडून होते, काडीकचऱ्यासकट. चाळल्याशिवाय लिलाव होत नव्हता. लिलाव नाही म्हणून हमाली नाही.

युनियनचा अध्यक्ष धम्मानंद खुर्च्या मांडत होता. त्याचे दोन्ही डोळे टमाट्यासारखे लाल होते.

"तुला काय झालं?"

"चाळण," धम्मानंद म्हणाला. "काल आमच्या टोळीनं ठरवलं, बाया न्हाई तर न्हाई, आपणच चाळू. दिसायला सोपं दिसतं हो चिटणीस! कंबर एकीकडं हालवायची, मनगट दुसरीकडं. आमचं दोन्ही एकाच बाजूला जाऊन राहिलं. सगळा भुसा माझ्या डोळ्यांत, आन सगळं सोयाबीन मलप्पाकाकाच्या धोतरात."

हणमंतरावला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. धम्मानंदची बायको चांगुणा सिंधुच्या उजव्या हाताला बसत होती.

"चांगुणा काय म्हणती?"

"काय म्हणायचंय? तीन दिवस झाले, घरी मीच पिठलं करून राहिलो. लेकरं म्हणतात, बाबा, आईला जिंकू द्या."

तेवढ्यात उमाशंकरअप्पा आले. अडत्यांच्या संघटनेचे अध्यक्ष. कपाळावर विभूती, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. माणूस गोड बोलणारा, आणि गोडवा खोटा नव्हता. हणमंतरावच्या लग्नात ते वाढपी म्हणून पंगतीत फिरले होते. त्यांनी हणमंतरावच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला ढिगाच्या आडोशाला नेलं.

"हणमंत, हदगावकडं दोन टेम्पो बाया सांगितल्यात. उद्या बारापर्यंत येतील. तुझ्या हमालांनी फक्त त्यांनी चाळलेला माल उचलायचा. बाकी काही नको."

"आन उचलला न्हाई तर?"

"तीन दिवस घरी बसलेली माणसं आहेत तुझी. उचलतील. तू फक्त आडवं येऊ नकोस." अप्पांनी आवाज खाली केला. "आपल्या घरचं माणूस त्यात आहे, मला का कळत नाही? पण तू हो म्हणालास की परवा ती आपोआप कामावर येईल. कुणाची हार नाही, कुणाची जीत नाही."

हणमंतरावला ते पटलं. खरं तर फार लवकर पटलं, आणि त्याची त्याला लाज वाटली. त्यानं शेडच्या दाराकडं बघितलं. तिथून नाका दिसत होता: रस्त्याकडेला पसरलेली निळी ताडपत्री, तिच्यावर दाटीनं बसलेल्या बाया, आणि मधोमध एक हिरवा ठिपका.

"सत्कार होऊन जाऊ द्या अप्पा," तो म्हणाला. "मंग सांगतो."

*

ग्यानोबांना खुर्ची मऊ दिली होती. तीच त्यांना टोचत होती.

समोर दोनशे चाळीस हमाल बसले होते. बहात्तरच्या दुष्काळात मुरुडजवळच्या खेड्यातून ग्यानोबा बायकोला घेऊन पायी आले, तेव्हा या मोंढ्यात पत्र्याचं छप्परसुद्धा नव्हतं. आता समोरच्या रांगांत त्यांनी भरती केलेल्या माणसांची लेकरं होती. ते बघून त्यांना खरोखर आनंद होत होता. म्हातारपणी माणसाला आणखी काय पाहिजे, असंही वाटत होतं. तरी नजर पुन्हा पुन्हा दाराबाहेर जात होती.

आरतीनं गोड आवाजात नाव पुकारलं आणि उमाशंकरअप्पा बोलायला उठले. छान बोलले.

"आम्ही समोरच्या बाजूचे," अप्पा म्हणाले, "पण आम्हीही मानतो. एकोणऐंशीचा संप! सहा ट्रक माल भरून निघाले होते. पुढं एकटा ग्यानोबा उभा राहिला. ट्रक जागेवर थांबले. मित्रहो, त्या दिवशी या मोंढ्यात बिल्ला आला!"

टाळ्या पडल्या. धम्मानंदनं शाल उलगडली.

ग्यानोबा उठले, पण खांदा पुढं केला नाही. त्यांनी माइक हातात घेतला.

"आरती," ते म्हणाले, "तुझ्या आजीला बोलीव."

शेडमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. म्हाताऱ्याला म्हातारी शेजारी पाहिजे, असं सगळ्यांना वाटलं. आरती पळत गेली. पाच मिनिटांनी परत आली, ती धापा टाकत आणि ओठ दाबत.

"काय म्हणली?"

"आबा… माइकवर सांगू?"

"सांग."

आरतीनं माइक तोंडाजवळ नेला. "आजी म्हणाली, सभासद नसलेल्याला आत यायला मनाई हाय. नियम तुमचाच हाय. मी नियम मोडणार न्हाई."

शेडभर हशा उसळला. मागच्या रांगेत कुणी शिट्टी मारली. ग्यानोबा हसले नाहीत. डोक्यावरची टोपी त्यांनी नीट केली, माइक घेऊन चालायला लागले, आणि चार पावलांवर वायर ताणली म्हणून माइक खाली ठेवून तसेच पुढं गेले. मंचावरून उतरले, दोन रांगांच्या मधून चालत दारापर्यंत आले आणि वळून म्हणाले,

"सत्कार माझा हाय ना? मंग मी जिथं जाईन तिथं होईल."

आणि ते उन्हात बाहेर पडले.

मग धम्मानंदनं आपली खुर्ची उचलून डोक्यावर घेतली. त्याच्यामागं सगळ्यांनी. जन्मभर ओझी वाहिलेली माणसं ती. पापणी लवायच्या आत शेड रिकामी झाली. कुणी लाउडस्पीकर घेतला, कुणी लाल कापड खांबासकट उपटलं, दोघांनी केळीचे घड खांद्यावर टाकले. उमाशंकरअप्पा हातात न दिलेला पुष्पगुच्छ घेऊन मधोमध उभे होते. त्यांच्या बुडाखालची खुर्चीही कुणीतरी नेली होती.

*

"अगं बाई," नाक्यावर चांगुणा उठून उभी राहिली. "मारायला येऊन राहिले का काय?"

सिंधुनं डोळ्यांवर हात धरला. धुळीचा लोट येत होता, आणि त्यात डोक्यावर खुर्च्या घेतलेले बाप्ये. सगळ्यांत पुढं सासरे.

"खुर्च्या घेऊन कोण मारायला येतं?" ती म्हणाली. "कुणी उठायचं न्हाई. बसा सगळ्याजणी."

हमाल आले आणि ताडपत्रीच्या कडेनं अर्धगोल धरून खुर्च्या मांडू लागले. केळीचे खांब बायांच्या दोन्ही बाजूंना रोवले गेले. तीन दिवस ज्यांच्याकडं बघून मान फिरवली होती, ती माणसं अशी समोर येऊन बसल्यावर बायांना काय करावं कळेना. कुणी पदर सावरला, कुणी नवऱ्याकडं बघून नाक मुरडलं.

ग्यानोबांनी खुर्ची नाकारली. ते ताडपत्रीच्या कडेला, सरजाबाईपासून दोन हातांवर उभे राहिले. माइक आता नव्हता, आणि त्यांना तो लागतही नव्हता. ट्रकवरून आवाज देत देत त्यांचा गळा घडला होता.

"आता अप्पांनी सांगितलं, एकोणऐंशी साली मी ट्रक अडवले. खोटं हाय."

मागच्या रांगेतले हमाल खुर्च्यांवरून उठून पुढं वाकले.

"ट्रक निघाले त्या दिशी मी कोठडीत होतो. आम्हा समद्या बाप्यांना आदल्या दिशीच गाडीत घालून नेलं होतं. मोंढ्यात एक बी हमाल न्हवता. ह्या बाया होत्या. ह्याच रस्त्यावर आडव्या झाल्या. चाकापुढं. पयली ही." त्यांनी सरजाबाईकडं बोट केलं. "पाच वर्षांचा हणमंता हिच्या शेजारी झोपलेला."

हणमंतराव मागं उभा होता. लहानपणापासून त्याला एक स्वप्न आठवायचं. तापलेल्या डांबराचा वास, डोळ्यांसमोर काळं, भलंमोठं टायर, आणि मायचा हात पोटावर. ते स्वप्नच असं तो समजून होता. त्यानं मायकडं बघितलं.

"माय, तू कधी सांगितलं न्हाईस."

"कुणी विचारलं?" सरजाबाई म्हणाली.

"दुसऱ्या दिशी आम्ही सुटून आलो," ग्यानोबा पुढं बोलू लागले. "लोकांनी मला खांद्यावर घेतलं. मी काय तवापासून खाली उतरलोच न्हाई. मंग तडजोडीला अडत्यांच्या ऑफिसात, जिन्यानं वर, सहा बाप्ये गेलो. बाया खाली उभ्या. अडते म्हणले, पोतं उचलणाराला बिल्ला देतो, चाळणारीचं मागून बघू. मी सही केली. खाली येऊन हिला म्हणलं, पुढल्या बारीला. ही काय बोलली न्हाई. घरी गेली, भाकरी थापल्या. शेचाळीस वर्षं झाली. मला वाटलं, इसरली आसंल." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "माणूस आपल्या सोयीचं तेच समजतो."

बायांपैकी कुणी हुंदका दिला. सगळ्यांच्या नजरा सरजाबाईकडं गेल्या. तिनं लुगड्यावरची काडी झटकली.

"झालं का?" ती म्हणाली. "मंग ठराव मांडा. उन्हं वर आली."

तिथं पहिल्यांदा सगळे एकदम हसले, बाया आणि बाप्येही. ग्यानोबांनी डोळे पुसले आणि हात वर केला.

"मी, सभासद नंबर एक, ठराव मांडतो. मोंढ्यात चाळण मारणारी, झाडणारी, निवडणारी परत्येक बाई ह्या युनियनची सभासद. पोतं वाहणाऱ्याला जो हक्क, तोच तिला."

"अनुमोदन!" धम्मानंद ओरडला, आणि मग त्याला आठवलं की आपण अध्यक्ष आहोत. "म्हंजे… कोणी दुसऱ्यानं द्या."

पण तोवर उमाशंकरअप्पा गर्दीतून वाट काढत हणमंतरावजवळ पोचले होते. घामानं त्यांची विभूती ओघळली होती.

"हणमंत, हे बेकायदेशीर आहे. घटना बदलायची तर सात दिवसांची नोटीस लागते, नोटिशीत विषय लागतो. उद्या कुणीही आव्हान देईल. तू चिटणीस आहेस, तू सांग त्यांना."

ते मोठ्यानं बोलले होते. सगळ्यांनी ऐकलं. चारशे माणसं हणमंतरावकडं वळली, आणि त्यांत सिंधु होती. ती त्याच्याकडं रागानं बघत नव्हती. नुसती बघत होती. पंचवीस वर्षांच्या संसारात एखाद्याच वेळी बघितलं असेल तसं, जणू हा माणूस आता काय करेल हे तिला खरंच ठाऊक नव्हतं.

हणमंतरावनं सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यानंच लिहिलेली, त्यानंच वाटलेली नोटीस. चष्मा लावला.

"अप्पा बरोबर बोलून राहिले," तो म्हणाला. "नोटीस लागते. आजच्या विशेष सभेची नोटीस मी नऊ दिवसांपूर्वी काढलीय. समद्यांच्या सह्या हायत. विषय एक: आद्य सभासद ग्यानोबा यांचा सत्कार."

तो थांबला. बायांकडून एक सुस्कारा आला. अप्पांनी मान हलवली.

"विषय दोन," हणमंतरावनं वाचलं, आणि वाचता वाचता त्याच्या मिशीखाली हसू फुटायला लागलं, "अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी येणारे विषय."

बावीस वर्षं प्रत्येक नोटिशीच्या शेवटी तो हे वाक्य सवयीनं लिहीत आला होता. बावीस वर्षांत ऐनवेळी एकही विषय आला नव्हता.

"अध्यक्ष," त्यानं विचारलं, "परवानगी हाय का?"

"हाय!" धम्मानंद खुर्चीवर चढला. "हाय, हाय, हाय!"

"आन आमच्या घटनेत," हणमंतराव अप्पांना म्हणाला, आता मात्र अगदी नम्रपणे, "विशेष सभेत ऐनवेळचा विषय घेता येतो. कलम चौदा. घटना दुरुस्तीला दोन-तृतीयांश हात लागतात. आरती, मोज."

"एक मिनिट!" मलप्पाकाका उभा राहिला. जुना हमाल, मान बैलासारखी, आवाजही तसाच. "माझा इरोध न्हाई. पर मला एवढं सांगा, बाया पोतं उचलतील का?"

"मलप्पाकाका," चांगुणा बसल्या जागेवरून म्हणाली, "काल तुमी चाळण धरली होती म्हणं. किती पोती चाळली?"

मलप्पानं धोतर झटकलं.

"सांगा की."

"अर्धं," मलप्पा म्हणाला. "आन ते बी धोतरात."

असा हशा झाला की रस्त्यावरची एसटी हळू झाली आणि खिडक्यांतून डोकी बाहेर आली. मलप्पानं बसता बसता आपला जाडजूड हात वर केला, आणि तो पहिला हात ठरला. मग हातांचं रानच उगवलं. आरती रांगांमधून बोटं मोजत फिरली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा मोजून ओरडली, "दोनशे एकोणतीस! विरोधात अकरा!"

"ते अकरा कोण?" बायांतून आवाज आला.

"नावं सांगायची न्हाईत," हणमंतराव म्हणाला. "पिठलं त्यांनाच करावं लागंल."

सिंधुला आपण केव्हा उठलो कळलंच नाही. चांगुणानं तिला मिठी मारली, मग आणखी कुणी, आणि तिच्या डोक्यावरचा पदर कुठं गेला ते तिनं बघितलंसुद्धा नाही. त्या गलक्यातच ती अप्पांसमोर गेली. ते एकटे उभे होते.

"अप्पा, पाणी घेता का?"

त्यांनी घेतलं. गटागटा प्यायले.

"यंत्राची ऑर्डर गेलीय, सिंधु," ते म्हणाले. "ती काही मला परत घेता येणार नाही."

"येऊ द्या की. आम्ही कुठं नको म्हणलो? बटन आम्ही दाबू. शिकवायला माणूस तेवढा पाठवा. आन कुणाला कमी करायचं न्हाई, हे कागदावर."

आतापर्यंत अप्पांनी दोनशे चाळीस हमाल एका बाजूला आणि एकशे साठ बाया दुसऱ्या बाजूला धरल्या होत्या. आता समोर एकच बाजू होती. त्यांनी मोबाइल काढला आणि दोन शब्दांत हदगावचे टेम्पो नको म्हणून सांगितलं.

"उद्या अकराला बसू. तुमच्याकडून पाच-सहा जण वर ऑफिसात या."

"वर न्हाई," सिंधु म्हणाली. "तुम्हीच खाली या. समद्यांपुढं बोलू."

अप्पांनी कपाळ पुसलं, आणि मग त्यांनाही हसू आलं. हातातला पुष्पगुच्छ बराच वेळ जड वाटत होता. तो त्यांनी तिलाच देऊन टाकला.

*

शाल तशीच राहिली होती. धम्मानंद ती घेऊन ग्यानोबांच्या मागं मागं फिरत होता, पण ग्यानोबा ताडपत्रीवर मांडी घालून बसले होते आणि म्हणत होते, आधी नावं लिव्हा. एकदा माणसं पांगली की कागद ऱ्हाऊन जातो.

हणमंतरावनं दोन पोती एकावर एक ठेवून मेज केलं आणि सभासदांचं रजिस्टर उघडलं. बायांनी सरजाबाईला दोन्ही काखांत धरून पुढं आणलं.

"पूर्ण नाव?" हणमंतरावनं विचारलं. त्याचा आवाज दप्तराचाच होता.

"सरजाबाई."

"पुढं?"

"पुढं काय? तुला ठाव हाय की."

"मला ठाव असून भागत न्हाई. सभासदानं स्वतः सांगावं लागतं. पतीचं नाव?"

सरजाबाईनं पदर तोंडाला लावला. अठ्ठावन्न वर्षांत तिनं ते नाव कुणासमोर घेतलं नव्हतं. बायांच्या ते लक्षात आलं आणि एकच गिल्ला झाला. "घ्या! घ्या! नाव घ्या!" हमालांनी खुर्च्यांवर ताल धरला. आरती मोबाइल काढून पुढं सरसावली. ग्यानोबा लाजून ताडपत्रीच्या शिवणीकडं बघायला लागले. ऐंशी वर्षांचा माणूस, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

सरजाबाईनं एकदा सगळ्यांकडं बघितलं. पदर खाली घेतला, आणि चाळण धरावी तसे दोन्ही हात कमरेसमोर धरले.

"पायलीभर सोयाबीन, मूठभर खडे,
ग्यानोबाचं नाव घेते, सरका जरा तिकडे!"

ग्यानोबा सरकले. चांगले दोन हात सरकले. टाळ्या आणि शिट्ट्यांत सरजाबाई हणमंतरावचा हात धरून, गुडघे सांभाळत, त्यांच्या शेजारी खाली बसली, आणि बसल्यावर आणखी थोडी जागा करून घेतली.

हणमंतरावनं लिहून घेतलं. काम या रकान्यात 'चाळण' लिहिलं, सभासद क्रमांक घातला, आणि मायचा अंगठा नीट उमटला की नाही ते बघण्यासाठी कागद उजेडात धरला.

"पुढचं नाव," तो मान वर न करता म्हणाला.

"सिंधु," समोरून आवाज आला. "आन पुढचं काय लिव्हायचं ते इचारू नका. नुसतं सिंधु लिव्हा."

त्यानं मान वर केली. ती फुलांचा गुच्छ काखेत धरून उभी होती, आणि तिच्यामागं नाक्याच्या वळणापर्यंत बायांची रांग लागली होती.

"नुसतं सिंधु," हणमंतराव म्हणाला, आणि त्यानं आपल्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात ते लिहिलं.